निरोपाची तिसरी कॉफी

वेलिझारने गाडी मागं मागं घेत ल्युबिशाच्या फाटकात घातली, तोंड रस्त्याकडे ठेवलं आणि इंजिन बंद केलं. निघताना वळवावळवी करत बसायला नको, हात मिळवला की सुटलो, असा त्याचा बेत. बेत चांगला होता. फक्त गाडीतून उतरणं बाकी होतं, आणि तेच त्याच्याने होईना.

तो स्टिअरिंग धरून बसला. पाय सवयीने ब्रेकवर गेला. वेलिझारने उभा जन्म डेअरीचा ट्रक चालवलेला. त्या ट्रकचा ब्रेक चार-पाचदा दाबून जागा करावा लागे, नाहीतर ऐन उतारावर दगा द्यायचा. तेव्हापासून वेलिझार विचारात पडला की त्याचा पाय आपोआप दाबत सुटतो. दुसरी माणसं मिशी चावतात, हा ब्रेक दाबतो. आत जावं का? दाब. गेलो तर बोलायचं काय? दाब. त्याने तोंड फिरवलं तर? दाब, दाब.

आता ही गाडी काही ट्रक नव्हती. त्याच्या मुलीने, नेवेनाने, व्हिएन्नाहून पाठवलेली ती नवी कोरी गाडी. गिअर बदलायचे नाहीत, किल्ली फिरवायची नाही. ब्रेक दाबून धरायचा, बटण दाबायचं, की झाली चालू. वेलिझारला ती मनातून आवडत नव्हती, पण पोरीने घामाच्या पैशातून घेतलेली, बोलणार कुठल्या तोंडाने?

घरात स्लावा चालली होती, मित्रोव्दान या शरदातल्या सणाची. स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस. सकाळी मेणबत्ती लागते ती संध्याकाळपर्यंत जळते आणि माणसं येत राहतात. आमंत्रण कुणालाच नसतं. ज्याला यायचं तो येतो, आणि जो येत नाही तो का आला नाही हे साऱ्या गावाला माहीत असतं. वेलिझार सहा वर्षं आला नव्हता.

तोही कुणी ऐरागैरा नव्हे, ल्युबिशाचा कूम! वेलिझारच्या लग्नात शेजारी उभा राहून मुकुट धरला तो ल्युबिशाने. नेवेनाला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात घेतलं आणि तिचं नाव ठेवलं तेही ल्युबिशाने. आमच्याकडे कूम म्हणजे सख्ख्या भावाच्या वरचा. भावाशी भांडलात तर गाव हसतं. कूमशी भांडलात तर गाव गप्प होतं, आणि ते जास्त वाईट.

भांडण झालं होतं दारूच्या हंड्यावरून. ल्युबिशाचा तांब्याचा हंडा वेलिझारने आलुबुखाराची रकिया गाळायला नेला, आणि तो परत आला तेव्हा त्याच्या पोटाला एक खड्डा होता. ल्युबिशा म्हणाला, हा खड्डा नव्हता. वेलिझार म्हणाला, होता. ल्युबिशा म्हणाला, म्हणजे मी खोटारडा? वेलिझार म्हणाला, मी काय म्हणणार, हंडाच सांगतोय. झालं. दोन म्हातारे, एक खड्डा, आणि सहा वर्षं अबोला. काय म्हणावं या माणसांना!

मग मार्चमध्ये वेलिझारची बायको स्ताना गेली. दफनाच्या दिवशी ल्युबिशा आला, कबरस्तानाच्या फाटकाशी पावसात उभा राहिला, मेणबत्ती लावली आणि एक शब्द न बोलता निघून गेला. वेलिझारने ते पाहिलं होतं. तेव्हापासून त्याच्या घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं, आणि ज्याच्याशी बोलावंसं वाटे त्याच्याशीच बोलणं बंद होतं. म्हणून आज तो आला होता. एक चमचा स्लावाचे शिजवलेले गोड गहू खायचे, एक घोट घ्यायचा, चार बरे शब्द बोलायचे आणि निघायचं. भेटीला भेट. पण आज नुसतंच येऊन गेला, तर यापुढे दोघांची गाठ पडणार ती दोघांपैकी एकाच्या दफनाला. हे त्याला नीट कळत होतं, आणि म्हणूनच पाय ब्रेकवरून निघत नव्हता.

शेवटी एका कुत्र्याने येऊन गाडीच्या चाकावर तंगडी वर केली, तेव्हा त्याला हाकलायच्या निमित्ताने वेलिझार खाली उतरला. उतरलाच आहे तर चालत आत गेला.

खोलीत पंधरा-वीस माणसं होती. सगळ्यांचे काटे ताटावर थांबले. ल्युबिशा हातात बाटली घेऊन मधोमध उभा होता. स्लावाच्या दिवशी यजमान बसत नाही. शेवटचा पाहुणा जाईपर्यंत तो उभा राहून वाढतो. ल्युबिशाचे गुडघे केव्हाच कामातून गेले होते, पण तो सकाळपासून उभा होता.

"स्लावा शुभ असो, यजमान," वेलिझार म्हणाला.

"या," ल्युबिशा म्हणाला. "बसा."

या! बसा! चाळीस वर्षं ज्याने "ये रे गाढवा" म्हटलं, त्याने आज "या, बसा" म्हटलं. वेलिझारला ते लागलं. पण तोंडावर काही न दाखवता त्याने क्रूसाची खूण केली, गव्हाचा चमचा तोंडात घातला आणि खुर्चीच्या टोकावर बसला.

ल्युबिशाची बायको मिलुंका मात्र पदराआड काही ठेवणारी नव्हती. ती स्वयंपाकघरातून धावतच आली. "कूम! अगबाई, किती वाळलात हो! जेवता की नाही? थांबा, सारमा आणते. स्तानासारखा होत नाही मला, पण आणते." आणि स्तानाचं नाव तोंडातून गेल्यावर ती तिथेच उभ्या उभ्या रडली.

"वहिनी, काही नको. निघतोच आहे मी," वेलिझार म्हणाला.

कोबीच्या पानातल्या मांसाच्या गुंडाळ्यांनी भरलेलं ताट तरीही आलंच. ल्युबिशाने छोट्या पेल्यात रकिया ओतली. वेलिझारने ओठ लावले आणि पेला खाली ठेवला. "गाडी चालवायची आहे."

"बरोबर आहे," ल्युबिशा म्हणाला.

"थंडी पडली यंदा लवकर."

"पडली."

"आलुबुखार कसे होते?"

"बरे होते. गाळून पण झा..." ल्युबिशा मध्येच थांबला. गाळण्याचा विषय निघाला की हंडा निघणार, हंडा निघाला की खड्डा. दोघेही एकदम खिडकीबाहेर पाहू लागले. बाकीचे पाहुणेही पाहू लागले. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

वेलिझार उठला. "चला. निघावं आता."

मिलुंकाने नवऱ्याकडे पाहिलं. थांबा म्हण, असं ते पाहणं होतं. ल्युबिशा बाटलीचं बूच लावत राहिला. तेव्हा ती मुकाट्याने आत गेली आणि निरोपाची कॉफी घेऊन आली. ही कॉफी आमच्याकडे शेवटी येते. ती प्याली की पाहुण्याने उठायचं आणि यजमानाने थांबवायचं नाही. वेलिझार ती कडू काळी कॉफी गाळासकट प्यायला, सगळ्यांशी हात मिळवला, ल्युबिशाशी जरा कमी वेळ मिळवला, आणि बाहेर पडला.

गाडीत बसून त्याने ब्रेक दाबला. ब्रेक दबेना. पेडल दगडासारखं घट्ट. बटण दाबलं. गाडीने टिंग केलं आणि समोरच्या पडद्यावर जर्मन अक्षरं आली. नेवेनाने त्याला ती अक्षरं ओळखायला शिकवली होती. त्यांचा अर्थ, ब्रेक दाबा.

"दाबतोय ना!" वेलिझार म्हणाला.

टिंग. ब्रेक दाबा.

"अगं बाई, दाबतोय!"

त्याने सोडून पुन्हा दाबला, पुन्हा सोडून पुन्हा दाबला. पेडल ढिम्म. फाटकाशी सिगरेट ओढत उभा असलेला शेजारी द्रागुतिन काचेवर वाकला. गावात ट्रॅक्टर असलेला हा एकटाच, त्यामुळे कुठलंही यंत्र अडलं की पहिला शब्द त्याचा.

"काय झालं?"

"ब्रेक घट्ट झालाय. आणि चालू होत नाही."

"बॅटरी," द्रागुतिन म्हणाला.

"बॅटरीने ब्रेक कसा घट्ट होईल?"

"तू ट्रक चालवायचास. ही बटणाची गाडी आहे. हिच्यात सगळं बॅटरीवर. सरक, बघू दे." तो आत बसला आणि त्याने पेडल चांगलं सात-आठ वेळा दाबून पाहिलं. "घट्ट आहे," तो म्हणाला.

"तेच तर सांगतोय."

गाडी अडल्याची बातमी आत पोचायला वेळ लागला नाही. पाहुणे ताटं सोडून अंगणात आले. खरं सांगायचं तर आत जी स्मशानशांतता पसरली होती, तिच्यापेक्षा बंद पडलेली गाडी कुणालाही बरी वाटली असती. जनावरांचे डॉक्टर तोदोर पुढे झाले. त्यांनी आधी बॉनेटवर कान ठेवला, मग आत बसून पेडलवर पाय ठेवला. हळूच दाबलं, सोडलं, थांबून पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं.

"काही सरकत नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "आत काहीतरी गच्च बसलंय."

"औषध काय?" कुणीतरी विचारलं.

"गाय असती तर सांगितलं असतं."

मग पाद्रीबाबा आले. सकाळी स्लावाची पोळी कापायला आले होते, ते जेवायला थांबले होते. झगा गुडघ्यापर्यंत उचलून तेही बसले. अंगाने भक्कम माणूस, पण पेडलला धक्का लागून काही मोडलं तर, या भीतीने त्यांनी बुटाच्या टोकाने हलकेच दाबलं, पुष्कळ वेळा दाबलं. "गेल्या वर्षी मीच हिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं होतं," ते म्हणाले. त्यांचा आवाज दुखावलेला होता.

"पाणी आत तर नाही ना गेलं?" द्रागुतिनने विचारलं.

पाद्रीबाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो ताबडतोब मागच्या बाजूला गेला. तिथून ओरडला, "दाबा हो ब्रेक! दाबलात का?"

"दाबला!"

"लाल दिवा लागत नाही मागचा!"

"मग?"

"मग बॅटरीच!"

असं ते गाडी तपासणं चाललं. जो आला तो बसला, जो बसला त्याने दाबून पाहिलं, आणि जो उतरला त्याने आधीच्यापेक्षा घट्ट झाल्याचं सांगितलं. कुणी म्हणालं थंडीने आखडला, कुणी म्हणालं कुत्र्याने चाकावर पाय वर केला त्याचा शॉक लागला. एका पाहुण्याच्या मेहुण्याला असंच झालं होतं. पुढे त्याचं काय झालं, असं विचारल्यावर कळलं की मेहुणा नंतर वारला, पण दुसऱ्या कारणाने.

ल्युबिशा पायरीवर उभा होता. तो जवळ आला नाही, बसला नाही, बोलला नाही. हातात बाटली तशीच.

द्रागुतिनने ट्रॅक्टर आणला, वायरी लावल्या. पडद्यावरची अक्षरं आधीपेक्षा ठळक झाली. ब्रेक दाबा. ढकलावी म्हटलं तर गिअर सुटेना, स्टिअरिंग फिरेना. गाडी फाटकात अशी चपखल बसली होती की बाजूने माणूस जाईल, पण दुसरी गाडी नाही. आणि आत अंगणात सात गाड्या अडकल्या होत्या.

"कूम, आत या हो, गारठा आहे," मिलुंका म्हणाली. वेलिझार आत आला. बसायचं म्हटलं तर तो निरोप घेऊन झालेला पाहुणा. निघायचं म्हटलं तर निघता येत नाही. अशा माणसाला काय द्यायचं, हे मिलुंकाला सुचेना. तिने पुन्हा एकदा निरोपाची कॉफी केली.

दुसरी कॉफी अर्धी झाली तोच डॉक्टर तोदोरांचा फोन वाजला. पलीकडच्या गावात एक गाय अडली होती आणि वासराचा एकच पाय बाहेर आला होता. डॉक्टरांचं तोंड उतरलं. "मला आत्ताच्या आत्ता निघायला हवं! ती गाय म्हणजे त्या बाईचं सगळं घर आहे!"

"माझी गाडी घेऊन जा," तीन जण एकदम म्हणाले, आणि मग तिघांनाही आठवलं की त्यांच्या गाड्याही फाटकाच्या आतच आहेत.

"मागून जा, बागेतून," द्रागुतिन म्हणाला. "बागेचं कुंपण तोडावं लागेल, एवढंच."

सगळे ल्युबिशाकडे बघू लागले. ते कुंपण त्याने उन्हाळ्यातच नवं घातलं होतं, ओकच्या खांबांचं. आणि ते तोडायचं ते कुणामुळे? वेलिझारने खाली मान घातली. आता हा बोलणार. हंडा झाला, आता कुंपण. बोलू दे, बोलला तर निदान बोलल्यासारखं तरी होईल, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

ल्युबिशा म्हणाला, "तोडा."

बस्स. एवढंच म्हणाला आणि वाढायला आत गेला.

ट्रॅक्टरने तीन खांब उपटले. डॉक्टर आलुबुखाराच्या झाडांमधून गाडी नागमोडी घालत गेले आणि पार झाले. त्यांच्या मागून निघालेली गाडी चिखलात रुतली. ती ओढताना चौथा खांब गेला. वाट मोकळी झाली म्हटल्यावर बाकीच्यांनाही आपापली गुरं आठवली. एकेक जण हात मिळवून, कॉफी पिऊन, बागेतून निघाला. गाडीवाल्यांत पाद्रीबाबा शेवटी गेले. जाता जाता फाटकाशी थांबून त्यांनी गाडीवर दुरूनच एक क्रूसाची खूण केली, पण आतून त्यांचाही विश्वास राहिलेला दिसत नव्हता.

द्रागुतिन म्हणाला, "वेलिझार, चल, ट्रॅक्टरवर सोडतो घरी. गाडी राहू दे इथेच. उद्या ये न्यायला."

"उद्या परत येऊ?" वेलिझार म्हणाला. "आजचं येणं पुरं झालं की सगळ्यांना. मी फोन करतो मुलीला."

"बघ बाबा," द्रागुतिन म्हणाला आणि गेला.

खोलीत तिघं उरली. दिवस कलला होता, मेणबत्ती बोटभर राहिली होती. ल्युबिशा एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर नेत भिंतीला टेकून उभा होता. पाहुणा आहे तोवर त्याला बसता येत नव्हतं, आणि गाडी चालू होत नाही तोवर पाहुणा जाऊ शकत नव्हता.

"यजमान, तुम्ही बसा," वेलिझार म्हणाला. "कुणी बघत नाही."

"संत बघतोय," ल्युबिशा म्हणाला.

"त्या कुंपणाचं मी..."

"कुंपणाचं काही नाही."

"खांब नवे होते."

"लाकूड आहे. पुन्हा येतं."

मिलुंका दारात उभी राहून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. तिला दोघांचीही डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली. मग एक सुस्कारा टाकून ती आत गेली आणि तिने तिसऱ्यांदा निरोपाची कॉफी चुलीवर ठेवली. दुसरं करणार तरी काय बिचारी?

"मी जरा फोन करून येतो," वेलिझार म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. बसताच पाय ब्रेकवर गेला. त्याने तो रागाने उचलून बाजूला ठेवला.

"बाबा?" नेवेनाचा आवाज आला. "काय झालं? बरे आहात ना?"

"मी बरा आहे. गाडी बरी नाही. ब्रेक लोखंडासारखा झालाय. बटण दाबलं तर म्हणते ब्रेक दाबा. दाबतोय तर दबत नाही."

"गाडी बंद असताना ब्रेक पुन्हा पुन्हा दाबलात का तुम्ही?"

"थोडासा," तो म्हणाला. "मग द्रागुतिनने दाबला. मग डॉक्टरांनी. मग पाद्रीबाबांनी."

"पाद्रीबाबांनी?"

"आणि बाकीच्या पाहुण्यांनी."

"अहो बाबा!" नेवेना हसायला लागली. "इंजिन बंद असताना दोन-तीनदाच दबतो तो. नंतर जितका दाबाल तितका घट्ट होत जातो. मोडलं काहीच नाही. असं करा, दोन्ही पाय ब्रेकवर ठेवा, पाठ सीटला टेका, असेल नसेल तेवढी ताकद लावून एकदाच दाबा आणि सोडू नका. मग बटण. होईल चालू."

"एवढंच?"

"एवढंच. आणि पाद्रीबाबा गाडीत काय करत होते? आहात कुठे तुम्ही?"

"कूमकडे," वेलिझार म्हणाला.

मग नेवेनाने हळूच विचारलं, "कुठल्या कूमकडे?"

"आपल्याला कूम एकच आहे."

आता तिचा आवाज बदललेला होता. "मग बाबा, घाई कसली आहे?"

वेलिझारने फोन ठेवला, दोन्ही पाय पेडलवर रोवले, पाठ सीटला रेटली आणि दात-ओठ खाऊन दाबलं. सहा वर्षांचा सगळा राग त्या दोन पायांत आला. हंडा, खड्डा, "या, बसा", पावसात उभा राहिलेला तो माणूस, सगळं. बटण दाबलं. गाडी घुर्रकन चालू झाली.

पेडल पायाखाली लोण्यासारखं मऊ झालं. समोर रस्ता मोकळा होता. चढ चढून उतरलं की घर. घरात चूल विझलेली, दिवा बंद, आणि टेबलाला दोन खुर्च्या. त्याने आरशात पाहिलं. मागं ल्युबिशाच्या खिडकीत मेणबत्तीचा उजेड होता आणि त्या उजेडात एक म्हातारा भिंत धरून उभा होता. अजून उभा होता, मूर्ख.

वेलिझारने बटण दाबून इंजिन बंद केलं.

आता आत जाऊन काय सांगायचं? चालू होत नाही म्हणावं, तर ते खोटं. आणि स्लावाच्या दिवशी, दुसऱ्याच्या संताच्या मेणबत्तीसमोर खोटं बोलायचं, हे वेलिझारला जन्मात जमलं नसतं. तो तसाच बसून राहिला. मग त्याने उजवा पाय उचलून ब्रेकवर ठेवला. दाबला. सोडला. दाबला. सोडला. पुन्हा दाबला. घाई नव्हती. पेडल हळूहळू घट्ट होत गेलं, आणि शेवटी दगडासारखं झालं. त्याने खात्री करून घेण्यासाठी आणखी दोनदा दाबून पाहिलं. मग बटण दाबलं. टिंग. ब्रेक दाबा.

"बरं," वेलिझार म्हणाला आणि उतरला.

आत आला तेव्हा ल्युबिशा खिडकीपाशी होता. टेबलावर तिसरी कॉफी वाफाळत होती.

"काय म्हणते मुलगी?" ल्युबिशाने विचारलं.

"म्हणते, मोडलं काही नाही."

"आणि ब्रेक?"

"घट्ट आहे," वेलिझार म्हणाला. यात एक अक्षरही खोटं नव्हतं. "तुम्हाला बघायचा असेल तर बघा जाऊन."

"नको. तू म्हणतोस म्हणजे असेल."

तू! वेलिझारने ऐकलं, पण न ऐकल्यासारखं केलं. त्याने खुर्ची ओढली, या वेळी टोकावर नाही, नीट मागं रेलून बसला. कॉफीचा कप बाजूला सारला. मघाचा तो ओठ लावून ठेवलेला पेला तसाच होता. तो उचलून त्याने एका दमात रिकामा केला आणि पुढे केला. ल्युबिशाने काही न विचारता भरला. तोही त्याने रिकामा केला.

"झालं," वेलिझार म्हणाला. "आता चालू झाली तरी मला चालवता येणार नाही. पोलीस धरतील."

"धरतीलच," ल्युबिशा म्हणाला. त्याने बाटली टेबलावर ठेवली. "मागचे लाल दिवे मात्र छान आहेत हो तुझ्या गाडीचे."

वेलिझारचा हात पेल्यावर तसाच राहिला.

"द्रागुतिन म्हणत होता, लागत नाहीत," ल्युबिशा म्हणाला. "मी म्हटलं, आपण बघावं. तर लागला, विझला, लागला, विझला. किती वेळ चाललं होतं! आणि त्याच्या आधी धूरही आला होता मागून. बऱ्यापैकी धूर."

"थंडी आहे," वेलिझार म्हणाला.

"थंडी आहे," ल्युबिशाने मान डोलावली.

मग त्याने वेलिझारच्या समोरची खुर्ची ओढली आणि हाश्श करून तीत बसला. संताची मेणबत्ती जळत होती, पाहुणा समोर होता, आणि यजमान बसला. दारातून मिलुंकाने ते पाहिलं आणि तिच्या हातातला चमचा खाली पडला.

"अरे, बसलास काय? पाहुणा आहे ना अजून," वेलिझार म्हणाला.

"कुठाय पाहुणा?" ल्युबिशाने खोलीभर पाहिलं. "इथं तर माझा कूम बसलाय. गाढव." त्याने दोन्ही पेले भरले. थोडी टेबलावर सांडली. "स्तानाच्या वेळी मला तुझ्याजवळ यायचं होतं. फाटकातून पाय पुढे टाकवेना."

"माझाही नव्हता टाकवत," वेलिझार म्हणाला. "आज आलो तेव्हा. तिथेच बसलो होतो, गाडीत. ब्रेक तिथेच घट्ट झाला."

दोघं प्यायले. आता खिडकीबाहेर कुणी पाहत नव्हतं. मग ल्युबिशाने बाटली उजेडात धरली.

"कशी आहे?"

"चांगली आहे. कशात गाळलीस?"

"त्याच हंड्यात."

"मग? खड्ड्याने काही बिघडलं का चवीचं?"

"नाही बिघडलं. पण खड्डा नव्हता."

"होता."

"अरे नव्हता, कूम! माझा हंडा, मला माहीत नाही?"

"तुझ्या डोळ्यांना काय दिसतंय? मी उचलला तेव्हाच होता, डाव्या बाजूला!"

"खड्डा उजव्या बाजूला आहे!"

"बघ! म्हणजे तुलाच नीट माहीत नाही!"

मिलुंकाने गार झालेली तिसरी कॉफी उचलून मोरीत ओतली. मग कॉफीचं भांडं घासलं, पुसलं, फळीवर उलटं घालून ठेवलं आणि पाहुण्यांच्या खोलीत अंथरूण घालायला गेली.